डिझेलचं ७०० आणि पेट्रोलचं ९००: एक्झॉस्टच्या तापमानाचा गेज कसा वाचायचा, कुठे बसवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: २.२ लिटरच्या कॉमन रेल डिझेल पिकअपला रीमॅप केल्यावर (ईसीयू, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलून पॉवर वाढवल्यावर) एक्झॉस्टच्या तापमानाचा, म्हणजे ईजीटीचा गेज लावला. माल भरून घाट चढताना काटा ६९० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. मित्राच्या टर्बो पेट्रोल गाडीत तसाच गेज ८८० दाखवतो आणि त्याचा मेकॅनिक त्याला नॉर्मल म्हणतो. मग डिझेलवाले ७०० ला एवढे का घाबरतात, पेट्रोलला हा गेज लावून काय कळतं, आणि वायूचं तापमान मोजणारा प्रोब नेमका कुठे बसवायचा?

आधी निकाल सांगतो. प्रोब टर्बोच्या आधी, म्हणजे सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या नळ्या एकत्र करणाऱ्या मेनिफोल्डमध्ये असेल तर भरल्या गाडीला चढावर ६९० चालेल. घाबरण्यासारखं काही नाही, पण पुढे वाढवायला फारशी जागाही उरलेली नाही. प्रोब टर्बोच्या नंतर, खाली जाणाऱ्या नळीत म्हणजे डाउनपाइपमध्ये असेल तर मात्र तेच ६९० धोक्याचं आहे. पूर्ण लोडवर टर्बाइनमधून, म्हणजे टर्बोच्या एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकातून जाताना वायूचं तापमान साधारण १०० ते १५० अंशांनी उतरतं, म्हणजे टर्बोच्या तोंडाशी ८०० च्या आसपास असणार. मित्राचं ८८० खरोखरच नॉर्मल असू शकतं, पण तेवढ्या एका आकड्यावरून ते ठरत नाही. गेज तोच, प्रोब तोच, तरी डिझेलात आणि पेट्रोलमध्ये काटा वेगळ्या गोष्टी सांगतो, आणि सगळा घोळ इथेच होतो.

डिझेल इंजिनात पॉवर कमी-जास्त करायला थ्रॉटल, म्हणजे हवा अडवणारा पडदा, नसतो. नव्या डिझेलात इनटेकला जो फ्लॅप दिसतो तो ईजीआर (जळका वायू पुन्हा आत घेणं), रीजनरेशन (काजळीच्या फिल्टरची, म्हणजे डीपीएफची, उष्णतेने सफाई) आणि इंजिन झटका न देता बंद करण्यासाठी असतो. हवा येईल तेवढी आत येते आणि पेडल फक्त डिझेलचं माप ठरवतं. पूर्ण जळायला एक भाग डिझेलला साधारण १४.५ भाग हवा लागते. आयडलला प्रत्यक्षात ७० भागांहून जास्त हवा असते, तर पूर्ण लोडला २० च्या आसपास. ही जादाची हवा जळणात भाग घेत नाही, नुसती तापते आणि उष्णता वाटून घेते. त्यामुळे डिझेलचा नियम सरळ आहे: डिझेल वाढलं किंवा हवा कमी पडली की तापमान वर जातं. आयडलला १२० ते १८०, सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीला ३०० ते ४००, भरलेल्या गाडीला चढावर ६०० ते ७००. मधे कुठेही उलटा वळसा नाही. म्हणूनच डिझेलात हा गेज इतका कामाचा. जादा हवा किती शिल्लक आहे हेच तो दाखवतो, आणि काळा धूर आरशात दिसायच्या आधी दाखवतो.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात हे उघड दिसतं. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावायच्या म्हणून मायको पंपाचं, म्हणजे इंजिनला डिझेल मोजून देणाऱ्या पंपाचं, सील तोडून मॅक्स फ्युएलचा स्क्रू फिरवला जातो. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा आहे तेवढीच राहते. सुरुवातीला थोडी ओढ वाढते, पण त्यापुढे स्क्रू कितीही फिरवला तरी वाढतो तो फक्त धूर आणि उष्णता. मग आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट बसते, दोन व्हॉल्व्हच्या मधे हेडला चीर जाते, आणि शेवटी पिस्टनचा माथा झिजून भोक पडतं. पंप कॅलिब्रेशनच्या बेंचवर माप बघूनच लावायचा असतो तो यासाठी. शेतात कानाने ऐकून लावलेला पंप चाराच्या चार सिलिंडरना सारखं डिझेल देईल याचीही खात्री नसते.

आता ७०० ची भीती. पेट्रोलचं इंजिन ९०० सोसतं, मग डिझेलने ७०० ला का वितळावं? पहिलं कारण प्रसरणाचं. डिझेलचं कॉम्प्रेशन १६ ते १८, पेट्रोलचं १० ते ११. जळलेला वायू डिझेलात जास्त फुगतो, जास्त काम करतो आणि जास्त थंड होऊन बाहेर पडतो. बाहेर दोन्हीकडे ७०० दिसलं तर डिझेलच्या सिलिंडरमध्ये वायू बराच जास्त तापलेला होता असंच समजायचं. दुसरं कारण पिस्टन. ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा मिश्रधातू ५७० अंशांच्या आसपास वितळायला लागतो. एवढ्या आगीत तो टिकतो कारण खालून ऑइलचा जेट त्याला थंड करतो आणि माथ्यावर थंड वायूचा पातळ थर असतो. डिझेलचा फवारा थेट पिस्टनच्या वाटीत जळतो. डिझेल जास्त झालं, उशिरा पडलं किंवा इंजेक्टरची नोझल टपकू लागली की ज्वाळा वाटीच्या कडेला चाटते. तिथला थर पुसला जातो आणि पहिली चीर तिथेच येते.

तिसरं कारण टर्बोचा धातू. डिझेलच्या टर्बाइनचं हाउसिंग आणि मेनिफोल्ड बहुधा सिलिकॉन-मॉलिब्डेनमच्या बिडाचं असतं. पेट्रोलच्या टर्बोला निकेल जास्त असलेलं बीड किंवा स्टेनलेसचं कास्टिंग वापरावं लागतं, ते महाग पडतं. शिवाय आजच्या बहुतेक कार आणि पिकअपच्या डिझेल टर्बोत हलणारी पाती असतात. जास्त उष्णतेत ती आणि त्यांची रिंग वाकते, काजळी धरून अडकते. पेट्रोलच्या टर्बोत अशी हलणारी पाती कमी दिसतात ती याच उष्णतेमुळे. २००६ च्या ९११ टर्बोत पोर्शेने ती वापरली, पण त्यासाठी धातू वेगळा घ्यावा लागला.

व्यवहारात आकडे असे धरा. प्रोब टर्बोच्या आधी असेल तर डिझेलला सलग ७०० पर्यंत, ओव्हरटेकपुरतं काही सेकंद ७५०. नव्या कॉमन रेल इंजिनांच्या टर्बोला कंपनीने ८०० च्या वरचीही मुभा दिलेली असते, पण ती कंपनीच्या कॅलिब्रेशनसकट असते. रीमॅप केलेल्या गाडीत तेवढी मोकळीक घेऊ नका. प्रोब टर्बोच्या नंतर असेल तर मर्यादा ५५० धरा. हा फरक ठरावीक नसतो हेही ध्यानात असू द्या: आयडलला तो जवळपास शून्य असतो, पूर्ण बूस्टला (टर्बोने भरलेल्या हवेच्या पूर्ण दाबाला) १५० पर्यंत जातो. म्हणून 'गेजमध्ये १५० मिळवा' हा हिशोब फक्त पूर्ण लोडवर चालतो.

तापमान खाली आणायला सगळ्यात स्वस्त उपाय गिअरचा आहे. खंबाटकीत किंवा कशेडीत भरलेली गाडी चौथ्यात १४०० आरपीएमवर पेडल तळाला दाबून ओढणं हा डिझेलवरचा सर्वात वाईट लोड. टर्बो अजून पूर्ण जागा झालेला नसतो, हवा कमी आणि प्रत्येक स्ट्रोकला डिझेल जास्तीत जास्त. तिसऱ्यात टाकून २२०० ला आणा. पॉवर तेवढीच लागते, पण ती जास्त स्ट्रोकमध्ये वाटली जाते, बूस्टही वर येतो आणि काटा अर्ध्या मिनिटात ठळकपणे उतरतो. इंजिन ओरडतं म्हणून वरच्या गिअरमध्ये ठेवणारे ड्रायव्हर इंजिनची दया करत नाहीत, उलट त्याला भाजतात.

आत येणाऱ्या हवेचं तापमान वाढलं तर बाहेरचं किमान तेवढंच वाढतं, बहुधा जास्तच. मे महिन्यात दुपारी मोजलेला आकडा डिसेंबरच्या पहाटेच्या आकड्याशी जुळवू नका. उंचीचंही तसंच. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा १२ टक्क्यांच्या आसपास कमी असते, खारदुंग ला वर ४० टक्क्यांहून जास्त. कॉमन रेलचा ईसीयू हवेचा दाब मोजून डिझेल कापतो, पण रीमॅप करणाऱ्याने ती कपात सैल केली असेल तर लडाखात गेजशिवाय गाडी चालवू नये. जुना पंप तर स्वतःहून काहीच कापत नाही, त्याला उंचीची भरपाई करणारा डायफ्राम बसवलेला असेल तरच कापतो.

एक सावधगिरी रीमॅपवाल्यांसाठी. इंजेक्शनचं टायमिंग पुढे घेतलं की ईजीटी कमी दिसतं, कारण जळण लवकर संपतं आणि वायूला फुगायला जास्त वेळ मिळतो. पण सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि तो हेड गॅस्केट, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग सोसतात. 'पॉवर ३० टक्के वाढवली आणि तापमान उलट कमी झालं' असं कोणी सांगितलं तर टायमिंग किती पुढे घेतलं हे विचारा. गेज दाबाबद्दल चकार शब्द काढत नाही.

तोच घाट, तेवढाच माल, तोच गिअर, आणि पूर्वी ६२० दिसायचं तिथे आता ६९० दिसतं, अशी तुलना सगळ्यात उपयोगाची. त्यासाठी बूस्टचा आकडाही शेजारी हवा. बूस्ट कमी आणि तापमान जास्त असेल तर हवेच्या बाजूला शोधा: एअर फिल्टर, इंटरकूलरचा (टर्बोनंतर हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज, क्लिपखाली कापलेला पाइप, अडकलेली टर्बोची पाती. इनटेकचं तोंड बंद करून साधारण ०.७ बार हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. गळती असेल तिथे बुडबुडे येतात. बूस्ट ठीक आणि तरी तापमान जास्त असेल तर नोझल टपकते का, ईजीआर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो का, इंटरकूलरच्या पत्र्यांत चिखल-माशा भरल्यात का, आणि डीपीएफ चोंदून मागचा दाब वाढला का हे बघा. ईजीआर अर्धवट उघडा राहणं हे फसवं प्रकरण आहे, कारण बूस्टचा आकडा जवळपास बरोबर दिसतो, पण त्या दाबात ऑक्सिजनची जागा जळक्या वायूने घेतलेली असते.

आता पेट्रोल. इथे थ्रॉटल असतो, आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण जवळपास सतत १४.७ ला धरलेलं असतं. जादा हवा नाही, म्हणून साध्या क्रूझलाही ६०० ते ७०० दिसतं. पूर्ण लोडला टर्बो नसलेल्या इंजिनात ८०० ते ९००, टर्बो असेल तर ९५०, आणि चांगल्या धातूच्या हाउसिंगला १०५० पर्यंतही मुभा असते. म्हणजे मित्राचं ८८० पल्ल्याच्या आतलं आहे.

पण पेट्रोलचा आलेख सरळ नाही, डोंगरासारखा आहे. तापमान सर्वात जास्त असतं ते १४.७ च्या आसपास, किंचित लीन (हवा जास्त) बाजूला. तिथून रिच (पेट्रोल जास्त) केलं तरी उतरतं आणि लीन केलं तरी उतरतं. छोट्या विमानांत पायलट याच डोंगराचा उपयोग करतो. मिश्रणाचा लिव्हर हळूहळू मागे घेत तो शिखर शोधतो, आणि मग ठरवून एका बाजूला उतरतो. त्याला शिखर डोळ्यांसमोर दिसतं, तुम्हाला रस्त्यावर दिसत नाही. नुसतं ८५० म्हणजे रिच उतारावरचं की लीन उतारावरचं हे गेज सांगू शकत नाही, आणि पूर्ण बूस्टला त्यातलं एक सुरक्षित तर दुसरं इंजिन संपवणारं असतं.

त्यात इग्निशन टायमिंगची भर पडते. ठिणगी उशिरा पडली की जळण उशिरा संपतं आणि उष्णता बाहेर जाते. टायमिंग काही अंश मागे घेतलं तरी ईजीटी चांगलंच वाढतं. खराब पेट्रोल भरलं, नॉक (पेट्रोल अवेळी, स्फोटासारखं जळणं) पकडणाऱ्या सेन्सरने टायमिंग मागे ओढलं, आणि काटा वर गेला, तर मेकॅनिक लीन समजून पेट्रोल वाढवतो. रोग वेगळा, औषध वेगळं. याच्या उलट प्रत्यक्ष डिटोनेशन, म्हणजे नॉकच, सुरू झालं की ईजीटी खाली येतं, कारण उष्णता पिस्टन आणि हेडच्या भिंतीत शिरते. पेट्रोलमध्ये काटा अचानक उतरणं ही आनंदाची बातमी नसते.

म्हणून पेट्रोल टर्बोला पैसे घालायचे असतील तर पहिले वाइडबँड लॅम्डावर (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरवर; लॅम्डा १ म्हणजे आदर्श प्रमाण, त्याखाली रिच) घाला, दुसरे नॉक ऐकण्याच्या साधनावर किंवा ईसीयूच्या लॉगमधून टायमिंगची ओढ बघण्यावर, आणि ईजीटी तिसऱ्या क्रमांकावर. पूर्ण बूस्टला लॅम्डा ०.८० ते ०.८८ दरम्यान आणि टायमिंगची ओढ शून्याजवळ असेल, तर ९०० हा आकडा निर्धास्तपणे वाचता येतो. डिझेलला याच्या उलट: एकच गेज परवडत असेल तर तो ईजीटीचा घ्या.

पेट्रोलमध्ये ईजीटी खरं काम करतं ते दोन ठिकाणी. एक, टर्बाइन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा वायू शुद्ध करणारी जाळी) वाचवायला. मिसफायर झाला, म्हणजे सिलिंडर पेटलाच नाही, की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. त्या सिलिंडरच्या पोर्टला प्रोब असेल तर तो थंड दाखवतो, आणि मागचा कन्व्हर्टर लाल होतो. एकाच कॉइलच्या बिघाडाने कन्व्हर्टरची जाळी वितळते ती अशी. दोन, सिलिंडरची आपापसात तुलना. चारही पोर्टला हेडच्या फ्लॅंजपासून सारख्याच अंतरावर, ४० ते ५० मिमीवर, प्रोब बसवले तर मंद चालणारा इंजेक्टर किंवा इनटेकची गळती चटकन उघडी पडते. जहाजांच्या आणि मोठ्या जनरेटर इंजिनांत हेच तत्त्व डिझेलला वापरतात: आकड्याहून महत्त्वाचं असतं ते सरासरीपासून कोण किती लांब गेलंय.

सीएनजीबद्दल दोन वाक्यं, कारण आपल्याकडे ते प्रत्येक गल्लीत आहे. गॅस पेट्रोलपेक्षा हळू जळतो. नंतर बसवलेल्या किटमध्ये टायमिंग पुढे घेतलेलं नसेल तर एक्झॉस्ट तापतं आणि व्हॉल्व्हच्या सीटा खचतात. ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७ नसून १३.५ च्या आसपास आहे. ईसीयूच्या गाड्या ते सांभाळून घेतात, पण जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटरसायकली त्याच जेटवर थोड्या लीन चालतात.

आता बसवण्याचं. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

डिझेलला जागा एकच: मेनिफोल्डच्या चारही नळ्या जिथे एकत्र येतात तिथे, टर्बोच्या फ्लॅंजपासून २५ ते ५० मिमी आधी. एका नळीत बसवला तर तो एकाच सिलिंडरचं ऐकतो. शिवाय गरम वायूच्या दोन झोतांमध्ये टोक थंड होत राहतं, त्यामुळे आकडा कमी येतो. ट्विन स्क्रोल (वायू दोन वेगळ्या वाटांनी घेणारा) टर्बो असेल तर एका बाजूला दोनच सिलिंडर सापडतात, हे मान्य करून चालायचं. टोक प्रवाहाच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत आत हवं, समोरच्या भिंतीला टेकता कामा नये.

प्रोब के टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांच्या जोडातून तापमानाप्रमाणे व्होल्टेज देणारा) घ्या, बंद टोकाचा, इन्कोनेलच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या निकेल मिश्रधातूच्या आवरणाचा. ६ मिमीचा दणकट असतो पण आळशी. ३ मिमीचा चपळ असतो, लॉग घ्यायला बरा, पण लवकर थकतो. टर्बोच्या आधी उघड्या टोकाचा प्रोब लावू नका. टोक तुटलं तर ते थेट टर्बाइनच्या चाकात जातं.

भोक पाडताना मेनिफोल्ड उतरवणं हाच योग्य मार्ग आहे. जागेवरच पाडायची वेळ आली तर टर्बो तरी सोडवा, म्हणजे बिडाचा चुरा बाहेर काढता येईल. ड्रिलच्या आणि टॅपच्या खाचांत घट्ट ग्रीस भरलं की बराच चुरा त्यात अडकतो. शेवटी चुंबक फिरवा आणि व्हॅक्युम लावा. आधी ४ मिमीचं भोक, मग ८.५ ते ८.७ मिमीचं, मग १/८ इंच एनपीटीचा (अमेरिकन पाइप आट्याचा) टॅप. हा आटा निमुळता असतो, म्हणून टॅप पूर्ण आत घालायचा नाही. फिटिंग हाताने चार-पाच आटे बसलं पाहिजे आणि पुढचं पान्याने. टॅप जास्त गेला तर फिटिंग कधीच घट्ट बसत नाही.

इथे आपल्याकडची खास अडचण. लेथवाल्याकडे 'एक सुताचा आटा' मागितला तर तो बहुधा बीएसपी (ब्रिटिश पाइप आटा) देतो, कारण नळाच्या कामाला तोच चालतो. १/८ बीएसपीला इंचाला २८ आटे, १/८ एनपीटीला २७. दोन-तीन आटे गोडीने बसतात, मग जाम होतात, आणि जोर लावला की बिडाला चीर. प्रोबचं फिटिंग सोबत घेऊन जा आणि टॅपवर शिक्का बघा.

भिंत ६ मिमीपेक्षा पातळ असेल, म्हणजे डाउनपाइप किंवा स्टेनलेसची नळी असेल, तर आटे न पाडता बाहेरून वेल्डिंगचा बॉस (आटे पाडलेला जाड तुकडा) लावा. बिडाच्या मेनिफोल्डवर साध्या रॉडने बॉस चिकटवू नका, पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांतच तो शेजारून तडकतो. आट्याला निकेलची अँटीसीझ पेस्ट लावा. टेफ्लॉन टेप अजिबात नको, ती जळून जाते. फेरुल (प्रोबला घट्ट धरणारी कडी) एकदा दाबली की ती खोली कायम होते, म्हणून घट्ट करायच्या आधी टोक कुठवर गेलंय हे मोजून घ्या.

वायर. थर्मोकपलचा सिग्नल अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्टचा, आणि तो प्रोबच्या टोकापासून गेजपर्यंत त्याच दोन धातूंतून जावा लागतो. वायर तोकडी पडली म्हणून मधे साधी तांब्याची वायर जोडली तर जोड आणि गेज यांच्या तापमानातला फरक आकड्यातून गळून जातो. बॉनेटखाली जोड ८० अंशांना आणि केबिनमध्ये गेज ३५ ला असेल तर गेज ४५ अंश कमी दाखवणार. के टाइपचीच एक्स्टेन्शन वायर जोडली पण दोन्ही टोकांना उलटी, तर चूक दुप्पट, म्हणजे ९० अंश कमी. ही चूक सापडायला कठीण, कारण काटा तापल्यावर वरच जातो आणि सगळं ठीक वाटतं. एकाच टोकाला उलटं झालं तर निदान काटा उलटा पळतो आणि लगेच कळतं. रंगांवर आंधळा भरवसा नको. अमेरिकन पद्धतीत पिवळी धन आणि लाल ऋण, युरोपीय पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. लाल म्हणजे पॉझिटिव्ह ही आपली बॅटरीची सवय इथे नडते. चुंबक लावून बघा: ऋण तार, म्हणजे ॲल्युमेल, चुंबकाला चिकटते.

घरी मायक्रोकंट्रोलरवर गेज बनवणाऱ्यांसाठी: मॅक्स ६६७५ चिप १०२४ अंशांच्या आत संपते. डिझेलला पुरते, टर्बो पेट्रोलला अपुरी. मॅक्स ३१८५५ घ्या, पण तिला टोक आवरणापासून विलग असलेला प्रोब लागतो. टोक आवरणाला जोडलेला असेल तर ती जमिनीशी शॉर्ट म्हणून फॉल्ट दाखवते.

तपासणी घरच्या घरी होते. टोक बर्फाच्या पाण्यात घातलं तर शून्याच्या एक-दोन अंश आजूबाजूला हवं. उकळत्या पाण्यात पुण्याला ९८ अंश येईल, १०० नाही, कारण शहर साधारण ५६० मीटरवर आहे. ही तपासणी इंजिन गरम असताना करा, म्हणजे वायरचे जोड तापलेले असतील आणि वरची चूक लपणार नाही.

प्रोब म्हातारा होतो हेही विसरू नका, आणि पेट्रोलमध्ये लवकर होतो. के टाइपच्या क्रोमेल तारेला ८०० ते १००० अंशांच्या पट्ट्यात ऑक्सिजन कमी मिळाला की क्रोमियम निवडक गंजतं आणि सिग्नल घटतो. रिच चालणाऱ्या पेट्रोलच्या एक्झॉस्टमध्ये नेमकी हीच परिस्थिती असते. आवरण धड असेपर्यंत तार वाचते, चीर गेली की नाही. वाईट गोष्ट म्हणजे चूक कमी दाखवण्याच्या दिशेने होते. पेट्रोल टर्बोला वर्षा-दोन वर्षांनी प्रोब बदला किंवा जास्त टिकणारा एन टाइप घ्या, फक्त गेजही एन टाइपचाच हवा. डिझेलच्या तापमानाला के टाइप वर्षानुवर्षं चालतो.

गाडी १ एप्रिल २०२० नंतरची बीएस ६ डिझेल असेल तर ड्रिल उचलायच्या आधी ओबीडीचा डोंगल (गाडीच्या निदानाच्या सॉकेटमध्ये बसणारा रीडर) लावा. या गाड्यांत डीपीएफच्या पुढे-मागे आणि बऱ्याचदा टर्बोच्या आधीही कंपनीचे सेन्सर असतात. मोड ०१ मध्ये पीआयडी (ईसीयूकडून मागायच्या माहितीचा क्रमांक) ७८ वर चार सेन्सरपर्यंतचे आकडे मिळू शकतात. पेट्रोलमध्ये पीआयडी ३सी वर कन्व्हर्टरचं तापमान दिसतं, पण ते बहुतेक वेळा मोजलेलं नसून ईसीयूने गणिताने काढलेलं असतं. त्यावर ट्यूनिंग करू नका. कंपनीचे सेन्सर थर्मोकपल नसून बरेचदा पीटी २००, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारे प्लॅटिनमचे सेन्सर असतात: २५ अंशांना साधारण २२० ओहम. मल्टिमीटरवर सर्किट तुटलेलं दिसलं तर सेन्सर गेला. पी०५४४ हा कोड पहिल्या सेन्सरच्या सर्किटचा, पी२०३१ दुसऱ्याचा, पी२४२ए तिसऱ्याचा. सेन्सर फेकायच्या आधी कनेक्टरमधला गंज आणि हीट शील्डला घासलेली वायर बघा. सेन्सर मेला की ईसीयू रीजनरेशन बंद ठेवतो आणि काही आठवड्यांत डीपीएफ चोंदतो, मग लोक डीपीएफच्या नावाने खडे फोडतात. डीपीएफ काढून टाकणं हा बेकायदा उपाय आहे, आणि तापमानाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

अलार्म लावायचा तर तुमच्या पिकअपला, टर्बोच्या आधी, ६८० ला पिवळा आणि ७३० ला लाल. मित्राच्या पेट्रोलला ९२० आणि ९६०, सोबत लॅम्डा ०.९० च्या वर गेल्यावर वेगळा बझर. घाट चढून लगेच थांबलात तर गाडी बंद करायच्या आधी टर्बोच्या आधीचा आकडा २०० च्या खाली येऊ द्या, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा होतो. डिझेल आयडलला पटकन थंड होतं, एक-दोन मिनिटांत होतं. पेट्रोल आयडलला २०० च्या खाली येणार नाही, तिथे शेवटचा किलोमीटर-दोन किलोमीटर सावकाश चालवणं पुरे.

आणि रीजनरेशन चालू असताना, जेव्हा डीपीएफच्या तोंडाशी ५५० ते ६५० अंश असतात आणि आयडलही चढलेला असतो, तेव्हा गाडी वाळल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नका. डीपीएफ जमिनीपासून वीतभरावर असतो.